अहवाल अडलाय? पाहणीच्या वहीपासून सही होईपर्यंत

शेतकरी उत्पादक कंपनी असो, नाशिकच्या सातपूर-अंबडचा कारखाना असो की एखादी सामाजिक संस्था, नव्याने रुजू झालेल्या माणसाला पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत एक वाक्य ऐकावंच लागतं: "जाऊन बघून या आणि अहवाल द्या." जाणं होतं, बघणंही होतं. मग रात्री फाइल उघडली जाते, 'प्रस्तावना' हा शब्द ठळक केला जातो आणि तासाभराने पानावर तेवढाच शब्द उरतो.

हे मार्गदर्शन त्या तासासाठी आहे. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे. निफाड तालुक्यातली एक कांदाचाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड. एप्रिलअखेर २०० क्विंटल उन्हाळ कांदा भरला, १२ ऑगस्टला चाळ उघडली तर बराच माल खराब. कंपनीच्या संचालकांना अहवाल हवा आहे. यातले आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमचा अहवाल यंत्राच्या बिघाडाचा असेल किंवा अवकाळीने झोडपलेल्या द्राक्षबागेचा, पायऱ्या याच लागतील.

## १. आधी अडलंय कुठे ते ओळखा

"सुचत नाही" ही तक्रार एकच असली तरी तिची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकावरचा इलाज वेगळा. कोऱ्या पानासमोर बसून राहणं हा कशावरच इलाज नाही. एका कागदावर पुढचं वाक्य पुरं करा: "मला लिहिता येत नाही, कारण मला अजून ... माहीत नाही."

रिकाम्या जागी बहुतेक वेळा ठोस काहीतरी येतं. "सडलेला माल नेमका किती ते माहीत नाही." "हा अहवाल वाचणार कोण ते माहीत नाही." म्हणजे अडलंय ते माहितीपाशी. भाषेला दोष देत बसू नका, फोन उचला आणि विचारा. अहवाल अडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं, आणि नवीन माणूस नेमकं तेच सोडून स्वतःच्या मराठीला नावं ठेवतो.

रिकाम्या जागी काहीच आलं नाही, तर उरलेल्या तीनपैकी एक कारण असेल.

पहिलं वाक्य झकास हवं, हा हट्ट. यावर उपाय म्हणजे पहिलं वाक्य लिहायचंच नाही. कसं, ते पाचव्या पायरीत.

कोणाला तरी न रुचणारी गोष्ट लिहायची भीती. चाळीचा मालक कंपनीचाच सभासद आहे आणि चूक त्याच्याकडून झाली आहे, तेव्हा हात आखडतो. इथे माणसाबद्दल न लिहिता वस्तूबद्दल लिहा. "मालकाने निष्काळजीपणा केला" हे वाक्य लिहिणाऱ्यालाही जड जातं आणि सिद्धही करता येत नाही. "तिसऱ्या कप्प्यात कांद्याची रास साडेसहा फूट होती" हे मोजलेलं आहे, ते लिहिताना हात थांबत नाही.

थकवा. दिवसभर उन्हात फिरून रात्री दहाला लिहायला बसणाऱ्याचं डोकं चालत नाही, यात नवल काहीच नाही. त्या रात्री फक्त वही नीट करा आणि झोपा.

## २. निघण्याआधी वाचक आणि निर्णय ठरवा

अहवाल मागणाऱ्याला निघण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. वाचणार कोण? वाचून ते काय ठरवणार? कधीपर्यंत हवा? उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर एका वाक्यात उतरवा:

"संचालक मंडळ हा अहवाल वाचून इतर सभासदांच्या चाळी तातडीने तपासायच्या का आणि पुढच्या हंगामात चाळ भरण्याचे नियम बदलायचे का, हे २० ऑगस्टच्या बैठकीत ठरवणार आहे."

हे वाक्य अहवालात जसंच्या तसं जाईल असं नाही, पण काय घ्यायचं आणि काय गाळायचं ते यावरून ठरतं. कांद्याचा इतिहास, लासलगाव बाजारपेठेचं महत्त्व, जिल्ह्याचं एकूण क्षेत्र, यातलं काहीही त्या निर्णयाला लागत नाही. संचालक स्वतः कांदा पिकवणारे आहेत. त्यांना कांदा म्हणजे काय हे सांगणारी दीड पानं वाचायला लावणं म्हणजे त्यांचा वेळ घेणं. याच चाळीवर अनुदानाचा किंवा विम्याचा कागद करायचा असता, तर वाचक वेगळा, म्हणून मांडणीही वेगळी. दोन्ही कामं एका अहवालात कोंबू नका.

## ३. सोबत काय असावं

- बांधलेली नोंदवही. सुटे कागद हरवतात, आणि एखादा आकडा कुठून आला हे नंतर दाखवता येत नाही.
- बॉलपेन आणि पेन्सिल. पावसाळी हवेत शाईच्या पेनाची अक्षरं फुटतात.
- पाच मीटरची मोजपट्टी.
- वजनकाटा, किंवा शेजारी तो कुठे मिळेल याची आधीच केलेली चौकशी.
- तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. चाळीच्या कामात हे नसेल तर अर्धं बोलणं हवेत राहतं.
- तारीख-वेळ बरोबर लावलेला, चार्ज केलेला फोन.
- कागद: चाळ भरल्याची नोंद, काटापावत्या, काही माल विकला असेल तर त्याच्या हिशोबपट्ट्या, जमिनीचा गट नंबर, याच चाळीचा जुना अहवाल असेल तर तो, आणि कार्यालयाचा ठरलेला नमुना.

यातला एक कागद जरी राहिला तरी निफाडला दुसरी फेरी पडते. तेवढ्यात चाळ निवडून मोकळी झालेली असते, मग मोजायला काही उरत नाही.

## ४. चाळीतच अर्धा अहवाल लिहा

वहीच्या पानाचे उभे दोन भाग करा. डावीकडे 'पाहिलं, मोजलं', उजवीकडे 'वाटलं, ऐकलं'. डावीकडे फक्त डोळ्याने, पट्टीने आणि काट्याने मिळालेलं. उजवीकडे मालकाचं म्हणणं, मजुरांचं म्हणणं आणि तुमची शंका, प्रत्येकापुढे कोण बोललं ते.

डावी बाजू अशी दिसेल: चार कप्पे. रास १, २ आणि ४ मध्ये साडेचार फूट, ३ मध्ये साडेसहा फूट. कप्पा ३ च्या खालच्या फटींपुढे रिकाम्या गोण्यांची थप्पी, लांबी १२ फूट. सकाळी ११ वाजता तापमान इतकं, आर्द्रता इतकी. छपराला गळती नाही, पत्रे कोरडे.

"गळती नाही" हेही नोंदवा. काय आढळलं नाही हे लिहायचं हमखास राहतं आणि बैठकीत पहिला प्रश्न तोच येतो: "पत्रा गळत होता का?"

फोटो काढताना मोजपट्टी चौकटीत येऊ द्या. पट्टीशिवाय साडेचार फुटांची रास आणि साडेसहा फुटांची रास सारखीच दिसते. प्रत्येक जागेचा एक लांबून आणि एक जवळून असे दोन फोटो पुरतात, आणि फोटोचा क्रमांक तिथेच वहीत टिपा. घरी आल्यावर सडक्या कांद्याचे चाळीस फोटो एकसारखे दिसतात, कुठला कोणत्या कप्प्यातला ते आठवत नाही.

निघण्याआधी चाळीच्या सावलीत दहा मिनिटं बसा आणि वही वाचा. जो आकडा नाही, तो तिथेच घ्या.

## ५. लिहिण्याचा क्रम वाचण्याच्या क्रमापेक्षा वेगळा ठेवा

वाचणारा वरून खाली वाचतो. लिहिणाऱ्याने तसं लिहायला घेतलं की तो पहिल्याच ओळीला अडतो, कारण सारांश पहिल्या पानावर असतो आणि सारांश लिहायला लागणारं सगळं तर अजून लिहायचं असतं. म्हणून असा क्रम धरा: तक्ता, निरीक्षणं, कारणं, शिफारसी, सारांश, आणि सगळ्यात शेवटी शीर्षक.

तक्ता भरताना वाक्य लागत नाही, त्यामुळे अडायलाही होत नाही. तक्ता भरला की प्रत्येक ओळीचं एक वाक्य करा, निरीक्षणं तयार होतात.

तरीही हात चालत नसेल तर बोला. खरंच कोणाला तरी फोन लावा किंवा समोर बसवा आणि त्याला विचारायला सांगा: "काय झालं तिथं?" तुमचं उत्तर फोनमध्ये रेकॉर्ड करा. "अहो, कांदा सगळीकडे नाही सडला, तिसऱ्या कप्प्यातच जास्त आहे, तिथं रासही उंच होती आणि खालून गोण्या लावल्या होत्या." हा अहवालाचा गाभा झाला, पाच सेकंदांत. मराठी व्हॉइस टायपिंग वापरलं तरी चालतं, फक्त आकडे आणि नावं हाताने तपासा. 'चाळ'चं 'चाल' होतं आणि 'साडेसहा'चं काहीही होऊ शकतं.

लिहिण्याची बैठक पंचवीस मिनिटांची ठेवा, मग पाच मिनिटं उठा. त्या पंचवीस मिनिटांत मागे जाऊन दुरुस्ती करायची नाही. शब्द आठवत नसेल तर तिथे तीन फुल्या मारून पुढे जा. थांबताना परिच्छेद पुरा करून उठू नका, पुढच्या वाक्याचे दोन-तीन शब्द लिहून ठेवा. परत बसल्यावर सुरुवात शोधावी लागत नाही. घरी शांतता नसेल तर नाशिक शहरात सार्वजनिक वाचनालय आहे. १८४० पासूनच्या आपल्या 'सावाना'त वही घेऊन तासभर बसलात तरी तक्ता आणि निरीक्षणं कागदावर येतात.

## ६. आकडे: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

अहवालातली भाषा थोडी ओबडधोबड असली तर चालून जातं. आकडा चुकला की निर्णय चुकतो. आपल्या चाळीचा हिशेब बघा.

भरलेला माल २०० क्विंटल. निवडीनंतर:

- विक्रीयोग्य: १४६ क्विंटल
- सडलेला व काजळी (काळी बुरशी) धरलेला: २१ क्विंटल
- कोंब आलेला: ९ क्विंटल
- बाहेर निघालेलं एकूण वजन: १७६ क्विंटल
- वजनातली घट: २४ क्विंटल

२०० मधून १४६ वजा केले की ५४ क्विंटल उरतात. घाईत लिहिलेल्या अहवालात यातून "२७ टक्के कांदा सडला" असं वाक्य जन्माला येतं. ते चूक आहे. सडलेला २१ क्विंटल, म्हणजे भरलेल्या मालाच्या साडेदहा टक्के. कोंब साडेचार टक्के. उरलेली १२ टक्के घट मुख्यतः कांद्यातलं पाणी उडून झालेली, आणि साठवलेला कांदा वजनाला थोडाफार उतरतोच. तिन्हींची कारणं निराळी, उपाय निराळे. एकत्र मोजली की संचालक सडीवर उपाय शोधत बसतात आणि घट तशीच राहते.

दुसरा सापळा म्हणजे टक्केवारी कशाची. २१ क्विंटल सड भरलेल्या २०० च्या तुलनेत साडेदहा टक्के होते, बाहेर निघालेल्या १७६ च्या तुलनेत सुमारे १२ टक्के. दोन्ही बरोबर आहेत. अहवालभर एकच आधार ठेवा आणि तक्त्याखाली लिहा: "सर्व टक्केवारी भरलेल्या वजनावर."

तिसरा सापळा नुसती बेरीज बघण्याचा. सड कप्प्यांनुसार ३, ४, ११ आणि ३ क्विंटल. तिसरा कप्पा डोळ्यात भरतो. पण त्यात मालही जास्त होता: तिथे ६५ क्विंटल, बाकी तिन्हींत प्रत्येकी ४५. म्हणून कप्प्यागणिक टक्केवारी काढा. तिसऱ्यात जवळजवळ १७ टक्के, बाकी तिन्ही मिळून १३५ क्विंटलमागे १० क्विंटल, म्हणजे साडेसात टक्क्यांच्या आत. आता फरक खरा आहे असं म्हणता येतं. ही एक पायरी गाळली असती तर कोणीही म्हटलं असतं, "जास्त कांदा होता म्हणून जास्त सडला, त्यात काय?"

एककं ठरवून घ्या. क्विंटल म्हणजे १०० किलो, एकर म्हणजे ४० गुंठे, हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. शेतकरी एकरात बोलतो आणि सरकारी कागद हेक्टर-आरमध्ये (आर म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग). वाळू-खडीचा ब्रास १०० घनफुटांचा. धरणाच्या पाण्याच्या बातम्यांत टीएमसी (अब्ज घनफूट) येतो आणि तांत्रिक कागदात दलघमी (दशलक्ष घनमीटर). एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी. अहवालात एकच एकक वापरा, दुसरं लागलंच तर एकदाच शेजारी द्या.

पैशात नुकसान सांगताना बाजार समितीचा भाव घ्याल. तिथे किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव असतात. कमाल भाव घेऊन नुकसान फुगवू नका. तो त्या दिवशीच्या निवडक मालाला मिळालेला असतो. सर्वसाधारण भाव घ्या, बाजार समितीचं नाव आणि तारीख लिहा. समजा तो भाव क्विंटलला १,५०० रुपये होता, तर सडीचं नुकसान ३१,५०० रुपये.

## ७. कारण लिहिताना पाय जमिनीवर ठेवा

निरीक्षण, अनुमान आणि मत ही तीन वाक्यं वेगळी दिसली पाहिजेत.

निरीक्षण: "कप्पा ३ च्या खालच्या फटींपुढे गोण्यांची १२ फूट थप्पी होती."
अनुमान: "त्यामुळे खालून येणारी हवा अडली असावी."
मत: "उंच रास आणि अडलेली हवा ही सडीची मुख्य कारणं आहेत, असं आम्हाला वाटतं."

तिन्ही लिहायला हरकत नाही, एकात एक मिसळायला आहे. "चाळीत हवा खेळत नव्हती" हे वाक्य निरीक्षणासारखं दिसतं, पण हवा कोणी मोजली नाही.

आता सगळ्यात प्रामाणिक वाक्य, जे नवीन माणूस लिहायला बिचकतो. या चाळीत उंच रास आणि गोण्यांची थप्पी दोन्ही एकाच कप्प्यात होत्या. मग कोणामुळे किती सडलं, हे या एका पाहणीतून वेगळं करता येत नाही. तसंच लिहा. अशा वाक्याने तुमचा अहवाल कमजोर पडत नाही. उलट बैठकीत कोणी तोच प्रश्न विचारला तर उत्तर आधीच कागदावर असतं.

संदर्भासाठी शिफारस केलेली मर्यादा शेजारी द्या. साध्या हवेशीर चाळीत कांद्यासाठी २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता योग्य मानतात, आणि रास चार ते पाच फुटांपेक्षा उंच नेत नाहीत. तुमच्या मोजणीशी तुलना झाली की वाचणाऱ्याला साडेसहा फुटांचा अर्थ कळतो.

## ८. शिफारस म्हणजे कोणी, काय, कधीपर्यंत

"योग्य ती काळजी घेण्यात यावी" ही शिफारस नाही. ती कोणी वाचली तरी उद्या सकाळी कोणीच काही करणार नाही. अशी लिहा:

"चाळमालकाने गोण्यांची थप्पी १४ ऑगस्टपर्यंत हलवावी."
"क्षेत्र अधिकाऱ्याने इतर सभासदांच्या चाळींतली राशीची उंची आणि खालच्या फटी २५ ऑगस्टपर्यंत तपासाव्यात."
"पुढच्या एप्रिलमध्ये चाळ भरण्याआधी प्रत्येक कप्प्याच्या खांबांवर पाच फुटांवर रंगाची रेघ मारावी, तिच्यावर कांदा भरू नये."

तीन-चार पुरेत. बारा शिफारसींच्या यादीतली पहिली दोनच लोकांच्या लक्षात राहतात, आणि त्या महत्त्वाच्या असतीलच असं नाही.

## ९. 'सदर' काढून टाका

जुन्या फायली वाचून नवीन माणसाला वाटतं की अहवालाची मराठी वेगळी असते. "सदर चाळीची पाहणी करण्यात आली असता, उपरोक्त ठिकाणी मोठ्या प्रमाणावर नुकसान झाल्याचे आढळून आले." यात पाहणी कोणी केली, कधी केली आणि नुकसान किती, तिन्ही हरवलं. "१२ ऑगस्टला आम्ही चाळ उघडून पाहिली. २०० पैकी २१ क्विंटल कांदा सडला होता." दोन वाक्यं, सगळं आलं.

लेखी प्रमाण रूपं वापरा, म्हणजे 'झालं' ऐवजी 'झाले'. कार्यालयात ती अपेक्षा असते आणि त्याने अर्थ बिघडत नाही. बिघडतो तो कर्ता लपवल्याने. वाक्य पंधरा-अठरा शब्दांपुढे गेलं की 'असता', 'असून', 'तसेच' यांच्यापाशी तोडून बघा. "मागच्या आठवड्यात", "काही दिवसांपूर्वी" यांच्या जागी तारीख घाला, आणि महिना अक्षरात लिहा. ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे, हा वाद नको.

## १०. सारांश, मग तपासणी

आता पहिलं पान. पाच ओळींपेक्षा जास्त नको: काय पाहिलं, काय सापडलं, बहुधा कशामुळे, आता काय करावं, कोणता निर्णय हवा. संचालकांपैकी निम्मे एवढंच वाचतील असं गृहीत धरा आणि तरीही त्यांना निर्णय घेता येईल असं लिहा.

एक रात्र जाऊ द्या. सकाळी मोठ्याने वाचा, जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा. प्रत्येक आकडा वहीशी बोट ठेवून जुळवा, तक्त्याची बेरीज पुन्हा करा, सारांशातला आणि आतला आकडा एकच आहे ना ते बघा. हे शेवटचं फार चुकतं, कारण तक्ता दुरुस्त होतो आणि सारांश तसाच राहतो. मारलेल्या फुल्या शोधून भरा. मग चाळ न पाहिलेल्या एखाद्या सहकाऱ्याला तीन मिनिटं वाचायला द्या आणि विचारा: "आता कोणी काय करायचं?" उत्तर चुकलं तर दुरुस्ती कागदात हवी, तोंडी खुलाशाने भागवू नका.

## ११. पाठवताना

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. कार्यालयातल्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची खिचडी होते, आणि त्यातला मजकूर शोधताही येत नाही. पाठवण्याची प्रत पीडीएफ करा आणि एकदा स्वतःच्या फोनवर उघडून पाहा, कारण बहुतेक संचालक ती फोनवरच वाचणार आहेत. तक्ता फोनच्या रुंदीत मावत नसेल तर रकाने कमी करा. फाइलच्या नावात गाव, विषय आणि तारीख घाला. 'अहवाल नवीन शेवटचा २' अशा नावाची फाइल सहा महिन्यांनी कोणालाही सापडत नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो स्वतंत्र पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर मोजपट्टीवरचे आकडे पुसट होतात.

सोबतचा निरोप चार ओळींचा असू द्या:

"नमस्कार. १२ ऑगस्टच्या चाळ पाहणीचा अहवाल जोडला आहे. भरलेल्या मालाच्या साडेदहा टक्के कांदा सडला असून निम्म्याहून अधिक सड एकाच कप्प्यात आहे. इतर चाळी २५ ऑगस्टपर्यंत तपासण्यासाठी आपली परवानगी हवी आहे. मूळ नोंदवही आणि फोटो कार्यालयात ठेवले आहेत."